माझ्या खोलीतला भाडेकरू

“साहेब, ही तर लेकीची खोली दिसतेय.” भाडेकरू दारातच थबकला. भिंतीवर माझी चित्रं होती.

“ती आमच्यात झोपेल,” बाबा म्हणाले. “आणि साहेब म्हणणं सोड आता. खोली देणारा मी, घेणारा तू. संपलं.”

हा माणूस छापखान्यात बाबांच्या हाताखाली होता. मी पहिलीत असताना बाबा तिथे फोरमन होते. दारात गाडी होती, सुट्टीत समुद्रावर जाणं व्हायचं. छापखाना बंद पडला आणि गाडी गेली. मग फोन गेला, आई लोकांचे कपडे शिवायला लागली. मी सातवीत येईपर्यंत घरात विकण्यासारखं काही उरलं नाही. भाड्यानं देण्यासारखी एक खोली तेवढी होती. पैसा आटला तसं आमचं बोलणंही आटत गेलं.

आठवडाभरानं जेवताना भाडेकरू चाचरत म्हणाला, “मी आता ज्या छापखान्यात आहे, तिथे कागद कापायच्या मशीनवर माणूस हवाय. म्हणजे... माझ्याच खात्यात.”

बाबांचा घास हातातच राहिला.

“तुला मी एकदा चारचौघांत मशीनवरून उतरवलं होतं. त्याचं उट्टं काढतोयस?”

“चूक माझीच होती. तुम्ही उतरवलं नसतं तर बोटं गेली असती.”

“जेवण होऊ दे. मग बघू.”

“मग नको,” आई म्हणाली. आवाज इतका बारीक, की मी चावायची थांबले. “काय ते आत्ताच बोला. पोरीच्या बुटांत मी अजून किती दिवस पुठ्ठे घालू?”

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि भाडेकरूला विचारलं, “सकाळी कितीला निघतोस?”

पुढे घर सावरलं. दहावीला मला माझी खोली परत मिळाली, खिडकीला नवे पडदे आले. पण मला नीट आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

बाबांनी कामगारांचा निळा कोट घातला होता. पोटावर बटण लागेना, तेव्हा आईनं तिथं अंगावरच टाका घातला. जिन्यात भाडेकरू सवयीनं भिंतीला चिकटून उभा राहिला, बाबांना वाट द्यायला. बाबाही थांबले. दोघंही हलेनात. शेवटी बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हलकेच पुढं केलं, आणि एक पायरी सोडून ते त्याच्या मागून उतरू लागले.