हटवायचं? आधी गौरीला विचारा!

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. जुना म्हणा, खुशाल म्हणा; पण ‘बिचारा’ म्हणालात तर खबरदार! देवासच्या बागेत मी आजही उभा आहे, आणि तो काही कुणा साहेबाच्या मेहेरबानीने नव्हे.

माझी फळी सतवासकडच्या जंगलातल्या सागाची. साखळ्या घडवणाऱ्या लोहाराने एकेक कडी दगडावर आपटून पाहिली आणि मगच जोडली. मग मला संस्थानाच्या बागेत टांगलं. तिथे माझी बडदास्त काय सांगू! रोज पुसणं, सणासुदीला तेल, वर मऊ गादी. पण बसायचं कुणी? कधीतरी चार पाहुणे यायचे, पाय न उचलता नुसते टेकायचे आणि उठून जायचे. असला मान काय चाटायचाय? फाटकाच्या गजांना नाकं लावून पोरं माझ्याकडे बघत राहायची आणि मी आपला रिकामा लटकलेला.

पुढे संस्थानं विलीन झाली आणि बागेचं फाटक सगळ्यांना उघडलं. अहाहा, काय ते दिवस! पोरं माझ्यावर तुटून पडली. माझा रंग उडाला, साखळ्या कुरकुरायला लागल्या, पण मी खूष होतो. संध्याकाळी मागच्या गल्लीतली जानकीबाई यायची. ती लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. दिवसभर मशीनवर वाकलेली पाठ ती माझ्या खांबाला टेकवायची आणि पोरींना झोके द्यायची. स्वतः मात्र कधी बसली नाही. “एवढी घोडी झाले, झोक्यावर बसले तर लोक काय म्हणतील?” म्हणायची आणि हसायची.

त्रेपन्न साली शहरातल्या बागा सुधारायला सरकारी अनुदान मंजूर झालं. मला वाटलं, चला, आता नवा रंग मिळेल. पण बाग समितीचे अध्यक्ष होते मोरोपंत, जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांनी येऊन छडीने मला टोचलं.

“हे भंगार आधी काढा. इथे कारंजं होईल, रंगीत दिवे लागतील, भोवती लोखंडी कठडा. बाग कशी बघण्यासारखी पाहिजे!”

“आणि पोरांनी खेळायचं कुठे?” जानकीबाईने विचारलं.

“पोरांनी कारंजं बघावं.”

बघावं! म्हणजे पुन्हा ते गज आणि पुन्हा ती नाकं. मित्रांनो, मला असा संताप आला की काय सांगू! मी जोरजोरात कुरकुरलो, पण झोपाळ्याची कुरकुर समितीत कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी सुतार येईल, झोपाळा उतरवून घे, असा चौकीदार खंडोजीला हुकूम झाला.

तो दुसरा दिवस नेमका चैत्रातल्या तृतीयेचा. त्या दिवशी चैत्रगौर माहेरी येते, झोक्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. आपल्या मराठी घरांतून हे चालत आलेलं आहे. पण जानकीबाईच्या एका खोलीच्या घराला झोका टांगायला धड कडीसुद्धा नव्हती. तिची गौर दरवर्षी पाटावर बसायची, आणि त्याची तिला फार खंत वाटायची. त्या सकाळी ती पितळेची इवलीशी गौर पदराखाली घेऊन बागेत आली. तिने माझी फळी धुतली, पुसली, समोर रांगोळी काढली आणि गौर माझ्यावर मांडली.

थोड्या वेळाने उमाशंकर सुतार शिडी घेऊन आला. खंडोजी तर रडकुंडीलाच आला. “वहिनी, माझी नोकरी जाईल ना हो!”

“मग उठव तिला. लाव हात.”

खंडोजीने दोन्ही हात पाठीमागे नेले. उमाशंकर लांबूनच पाया पडला. “ना भिया, माताजी को अपन हाथ नी लगाएँगे!” असं म्हणून त्याने शिडी उचलली आणि चालता झाला.

मोरोपंत तणतणत आले. “हे काय चालवलंय? गौर घरात बसवतात, बागेत नाही!”

“ज्यांच्या घरी झोपाळा आहे त्यांनी घरात बसवावी, पंत. आमचा झोपाळा हाच.”

माहेरी आलेल्या गौरीला ऊठ म्हणायची छाती मोरोपंतांचीही नव्हती. ते म्हणाले, “ठीक आहे. अक्षय्य तृतीयेला गौर उठेल आणि लगेच झोपाळा उतरेल. बघतोच मी!”

त्या महिन्यात माझी काय ऐट होती! पोरं माझ्यावर बसेनात, पण गौरीला झोका द्यायला त्यांची रांग लागायची. खंडोजी आपण होऊन राखण करायचा. जानकीबाईने सगळ्या गावाला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, अगदी मोरोपंतांच्या घरीसुद्धा. ते बोलावणं मोडता येत नाही, म्हणून त्यांच्या पत्नी माई आल्या. त्यांनी पन्हं घेतलं, गौरीला हलकेच झोका दिला आणि माझ्या साखळीवर हात फिरवत राहिल्या.

“आमच्याकडे केवढा कोरीव झोपाळा आहे,” त्या जानकीबाईला म्हणाल्या, “पण त्यावर पंत पेपर वाचत बसतात. माहेर सुटलं तसा माझा झोका सुटला बघा.”

अक्षय्य तृतीया उजाडली. मोरोपंत सुताराला घेऊन हजर. बायकांनी ओटी भरून गौर उचलली. मी रिकामा झालो आणि माझ्या खांबाला शिडी लागली. संपलं आता, असं मला वाटलं.

तेवढ्यात जानकीबाईने पदर खोचला आणि ती माझ्यावर बसली. “आता मला उठवा,” ती म्हणाली.

“अहो, तुमचं वय काय, हे काय आरंभलंय? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत!”

गर्दीतून माई पुढे आल्या. नवऱ्याकडे न बघता सरळ येऊन जानकीबाईशेजारी बसल्या. “सरका थोडं,” म्हणाल्या, आणि मग पोरींना, “अगं बघता काय? द्या की झोका!”

पोरी धावल्या. दोघींचे पाय जमिनीवरून सुटले. माझी कुरकुर पार फाटकापर्यंत गेली असेल, आणि या वेळी ती मोरोपंतांना ऐकावीच लागली. खंडोजीने मुकाट्याने शिडी काढून खांद्यावर घेतली.

कारंजं झालं, पण लहानसं, फाटकाजवळ. उरलेल्या अनुदानातून मला नव्या साखळ्या मिळाल्या आणि शेजारी दोन नवे झोपाळे आले.

मित्रांनो, माझ्या फळीवर नावं कोरू नका. साखळ्यांना अधूनमधून तेल घाला. आणि पुन्हा कुणी छडी घेऊन आला, बाग बघण्यासारखी पाहिजे म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. सरळ येऊन माझ्यावर बसा आणि पाय उचला. बाकीचं मी बघतो.