सोडवण्यासाठी जन्मलेला पाना

मी पट्ट्याचा पाना बोलतोय. गॅरेजात शिरलात की डाव्या भिंतीवर, पकडीच्या शेजारी खिळ्याला टांगलेला दिसतो तो मी. वीतभर लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला जाड विणलेल्या पट्ट्याचा फास, एवढाच माझा जामानिमा. फास ऑइल फिल्टरच्या डब्याभोवती घालायचा आणि दांडा ओढायचा. पट्टा डब्याला घट्ट मिठी मारतो, डबा फिरतो आणि फिल्टर सुटतो. सगळं आयुष्य मिठ्या मारण्यात गेल्यामुळे माझा स्वभावही जरा मऊच आहे.

कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे भाऊबंदही शेजारीच तयार होत होते. साखळीचा पाना अंगाने दणकट आणि डोक्याने तापट. वाटीचा पाना टोपीसारखा फिल्टरच्या बुडावर बसणारा, स्वतःच्या मापापलीकडे जग नाही असं समजणारा. आम्ही तिघेही शेवटी एकाच दुकानात टांगले गेलो, आणि तिथून आम्हाला या गॅरेजच्या मिस्त्रींनी उचललं.

मिस्त्रींची लेक नुकतीच त्यांच्याबरोबर गॅरेजात काम करू लागली होती. त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि समजावलं, की हा पाना फक्त सोडवण्यासाठी. फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कडीला बोटाने ऑइल लावायचं, कडी टेकली की पाऊण फेरा द्यायचा, तोही नुसत्या हाताने. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या खेपेला नाकी नऊ आणतो. लेकीने मान डोलावली, आणि मलाही फार बरं वाटलं. कोणाला आवळण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी आपला जन्म आहे, हे कळणं काही लहान गोष्ट नाही.

बरीच वर्षं सुखात गेली. मग मिस्त्री शिडीवरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड परत आली नाही. घरी बरणीचं झाकण घट्ट बसलेलं असलं की ते मुकाट्याने बायकोपुढे सरकवायचे. एकदा गॅरेजातच जेवताना ते लेकीला म्हणाले, "माझ्या हातामुळे एखाद्याची गाडी अडली ना, तर त्या दिवसापासून मी घरी बसेन." ती हसली. त्यांना हसू आलं नाही, हे मी समोरच्या भिंतीवरून पाहिलं.

त्यानंतर सुरू झालं ते मला कधीच आवडलं नाही. लेक सुटे भाग आणायला बाहेर गेली की मिस्त्री फिल्टर हाताने बसवत, इकडे तिकडे बघत, आणि मग मला खिळ्यावरून काढत. पट्टा उलट्या बाजूने घालून एक झटका देत. फिल्टर ढिला राहिला, ऑइल गळलं आणि भर रस्त्यात कोणाचं इंजिन जाम झालं तर, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. माणूस काळजीपोटीच चुकत होता, म्हणून मला त्यांचा राग येत नसे. पण मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

एका दुपारी शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या मावशी आपली व्हॅन घेऊन आल्या. मिस्त्री जेवून घरी आडवे झाले होते. ऑइल आणि फिल्टर बदलून संध्याकाळपर्यंत गाडी हवी, सकाळी दारोदारी पोरं उभी राहतील, असं मावशींनी सांगितलं आणि त्या बाकावर बसल्या. लेकीने जॅकने व्हॅन उचलून खाली स्टँड लावले आणि ती पाठीवर गाडीखाली सरकली. ऑइल सोडण्याआधी फिल्टर सुटतो का बघायचं, ही बापाचीच शिकवण. तिने हात घातला. फिल्टर हलला नाही.

तिने हाताला पॉलिश पेपर गुंडाळून पाहिलं. मग वाटीच्या पान्याला बोलावलं. तो ऐटीत गेला, बुडाच्या कडा झिजवून फिरत राहिला आणि तोंडघशी पडून परत आला. साखळीचा पाना मला खिजवतच निघाला. त्याने असा काही जोर लावला की डबा तळाशी पिचकला, फिरला मात्र नाही. लेकीने त्याला लगेच बाजूला ठेवलं.

एवढ्यात शेजारचा टायरवाला आलाच. गाडी कोणाचीही असो, त्याचा सल्ला फुकट असतो. तो म्हणाला, त्यात काय, मोठा स्क्रू-ड्रायव्हर हातोडीने डब्यातून आरपार ठोका आणि त्याला धरून फिरवा. स्क्रू-ड्रायव्हर लगेच ताठ झाला. लेक म्हणाली, डबा फाटला आणि तरीही सुटला नाही, तर व्हॅन जागची हलणार नाही. मग टायरवाल्याने कोणत्या बाजूला फिरवायचं ते खुणेने सांगितलं, तेही नेमकं उलट. मावशी बाकावरून उठल्या, पुन्हा बसल्या, आणि सकाळी कोणाकोणाच्या आईला फोन करावा लागेल ते पुटपुटू लागल्या.

शेवटी लेकीने मला काढलं. पट्टा घालण्याआधी तिने चिंधीने डबा पुसला, आणि पुसता पुसता थांबली. रंगावर विणलेल्या पट्ट्याचा ठसा होता. माझाच. गेल्या खेपेला फिल्टर कोणी बदलला होता, असं तिने आतूनच मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुझ्या बाबांनीच की. तू सामान आणायला गेली होतीस."

तिचा हात माझ्या दांड्यावर घट्ट झाला. वडील यायच्या आत हा फिल्टर निघाला पाहिजे आणि भंगारात गेला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. तिने जीव तोडून ओढलं. ऑइलने ओशट झालेल्या डब्यावरून मी सटकलो. पुन्हा ओढलं, पुन्हा सटकलो. मला माझीच लाज वाटली.

आणि मिस्त्री आले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "इंजिन थंड आहे का?"

ती हो म्हणाली. त्यांनी तिला बाहेर यायला सांगितलं आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बंद केलं. ऊब लागली की चिकटलेलं रबर सैल होतं. मग साबणपाण्याच्या चिंधीने डबा पुसून कोरडा करून घेतला, पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून माझ्या आत घालायला लावली आणि म्हणाले, "पट्टा वर घे, इंजिनाला लागून. तिथे डबा दणकट असतो, पिचकत नाही. आता झटका नको, सावकाश भार टाक."

तिने सावकाश भार टाकला. मी सगळं बळ एकवटून डब्याला धरून राहिलो. कट् असा आवाज झाला आणि फिल्टर फिरला. बाहेर मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि टायरवाला हेच सांगत होतो म्हणत निघून गेला.

जुनं ऑइल सोडून झाल्यावर लेकीने फिल्टर काढला आणि चिंधीत लपवायला घेतला, पण मिस्त्रींनी हात पुढे केला होता. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला. आयुष्यभर फिल्टर बदललेल्या माणसाला ठसा वाचायला वेळ लागत नाही.

"हा मीच आवळलाय," ते म्हणाले. "पान्याने. उद्यापासून तू एकटीच बघ सगळं. माझ्या हातात आता जोर राहिला नाही."

तिचे डोळे भरून आले होते, पण तिने खोटं काही सांगितलं नाही. नवा फिल्टर खोक्यातून काढून त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, फिल्टरला जोर कुठे लागतो? तुम्हीच शिकवलंत. माझा हात पाऊण फेऱ्यावर थांबत नाही, पुढे जातो. तुमचा आता जिथे थांबतो ना, तिथेच थांबायला हवं."

त्यांनी फिल्टर हातात घेतला. मग रबरी कडीवरून ऑइलचं बोट फिरवलं आणि कण्हत आत सरकले. फिल्टर बसवला, कडी टेकवली, त्या दुबळ्या हाताने जेवढा फिरला तेवढा फिरवला. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. लेकीने मला उचलून पाठीमागे धरलं. इतक्या वर्षांत माझ्यावर एवढे उपकार कोणी केले नव्हते.

नवं ऑइल भरून व्हॅन सुरू केली. गळती कळावी म्हणून खाली कोरा कागद अंथरला आणि चौघेही, म्हणजे मलाही धरून, त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत बसलो. कागद कोराच राहिला. मिस्त्री मावशींना पोचवायला फाटकापर्यंत गेले.

घरी बसायचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही, पण मनात धाकधूक होती. काही महिन्यांनी तीच व्हॅन परत आली तेव्हा ते मुद्दाम लांब, चहाच्या स्टोव्हपाशी उभे राहिले. लेक आत सरकली. मी खिळ्यावर तयारच होतो.

"बाबा," तिची हाक आली, "हाताने सुटला."

मिस्त्रींनी स्टोव्ह बारीक केला. आपला उजवा हात पुढे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि मग त्याच हाताने डोळे पुसले.

आता माझा पट्टा कडेने उसवला आहे आणि दांड्यावर धूळ बसते. दुसरीकडून कोणी आवळून आणलेला फिल्टर आला तरच मला हाक मारतात. तशी हाक तुमच्या गाडीसाठी कधी मारावी लागू नये, एवढी काळजी घ्या. मला कामाशिवाय टांगून ठेवणाऱ्या या बापलेकींचा मी फार ऋणी आहे.