खालचं नाव

जिवंत माणसाचं नाव यादीतून खोडलं की तो मेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकावं. तुम्ही माझा खून करायला निघाला होतात. तुमचा नेम चुकला.

मी बूटलोडर बोलतोय. संगणकाचं बटण दाबलं की सगळ्यांत आधी जागा होतो तो मी. माझ्या पोटात चित्रं नाहीत, गाणी नाहीत. मूठभर जीव. आतल्या प्रणालींची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम्सची, नावं पडद्यावर दाखवायची आणि बोट पडेल तिला हाक मारायची, एवढंच माझं काम. पण मी गप्प बसलो तर आतलं अख्खं घर झोपून राहतं.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. डब्यांची झाकणं ठोकणारी प्रेस माझा संगणक ठेवलेल्या केबिनला लागूनच होती. ती पडली की काचा थरथरायच्या आणि माझ्या डिस्कच्या हाडापर्यंत हादरा जायचा. मालकाची पुतणी तिथं देखभाल बघायची. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, राग नाकाच्या शेंड्यावर. डिस्कच्या एका भागात मालकाची विकतची प्रणाली होती. दुसऱ्या भागात तिनं पेनड्राइव्हवरून मुक्त प्रणाली बसवली आणि दारात मला उभं केलं.

"हे फुकटचं काय घातलंस?" मालकानं विचारलं.

"फुकटचं नाही काका, मुक्त. आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं."

"मग बघ बसून. पण यादीत माझं नाव वर पाहिजे."

त्याचं वर, तिचं खाली. संध्याकाळी मालक वरची प्रणाली लावून कामाची पत्रं लिहायचा. दिवसभर खालची प्रणाली प्रेसवर नजर ठेवायची. प्रेसला पुढून जाळीचं दार होतं. ते उघडून पत्रा आत ठेवायचा. दार लागल्याशिवाय प्रेस पडायचीच नाही. जाळी कधी उघडली, प्रेस कधी पडली, सगळ्याची नोंद व्हायची.

रोज सकाळी प्रेसवाला केबिनमध्ये यायचा. "ऊठ रे बाबा," म्हणायचा आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं खालचं नाव निवडायचा. तेलकट बोट, नखाखाली काळं, पण टेकायचं हलकेच. मला ते बोट ओळखीचं झालं होतं.

मग पुतणी महिनाभर दुसऱ्या शेडच्या कामावर गेली, आणि सुपरवायझरला शोध लागला की जाळी उघडण्या-लावण्यात प्रत्येक झाकणामागे तीन सेकंद वाया जातात. त्यानं दार उचकटून कोपऱ्यात फेकलं आणि दाराचा स्विच चिकटपट्टीनं आवळून टाकला. प्रेसला वाटत राहिलं, जाळी बंद आहे.

"साहेब, हात जाईल कुणाचा तरी," प्रेसवाला म्हणाला.

"तुझा जीव एवढा लाडका असेल तर घरी बस. बाहेर दहा जण उभे आहेत."

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी प्रेस पडली आणि आवाज निराळा आला. पत्र्याचा आवाज खणखणीत असतो. हा ओला होता. मग किंकाळी. चार बोटं साच्यात सपाट झाली होती आणि रक्ताची चिळकांडी केबिनच्या काचेवर उडाली होती. लोकांनी त्याला उचलून पळवलं. झाडणाऱ्या मावशीला बादली घेऊन बोलावलं.

सुपरवायझरनं आधी चिकटपट्टी फाडली, दार जागेवर बसवलं. मग रक्ताचे बूट घेऊन केबिनमध्ये आला. हजेरीच्या रजिस्टरमधून त्यानं प्रेसवाल्याचं नाव खोडलं. म्हणजे हा माणूस कामावर नव्हताच, पिऊन आत घुसला आणि जाळीतून हात घातला! त्यानंतर माझी पाळी. वरची प्रणाली लावून त्यानं, बटण दाबल्यावर संगणकानं आधी कुणाला उठवायचं त्या यादीतून माझं नाव उडवलं. पुन्हा बटण दाबलं. यंत्रानं मला वळसा घालून थेट वरच्या प्रणालीला हाक मारली.

"गेलं तिचं फुकटचं," असं म्हणून त्यानं माझ्या खोक्याला लाथ घातली.

गेलो कुठं होतो मी? तिथंच होतो, डिस्कच्या कोपऱ्यात, धडधाकट. जिवंत गाडलेला.

चौथ्या दिवशी बारा वाजता अपघाताच्या चौकशीला इन्स्पेक्टर येणार होते. पुतणी सकाळी प्रेसवाल्याला बघून इस्पितळातूनच आली.

"काका, नोंदी कुठं आहेत?"

"उडालं म्हणे सगळं. आणि तो प्यायलेला होता."

"तुम्ही वास घेतलात?"

मालकानं नजर काचेकडे वळवली. तिथं डाग होता, म्हणून ती जमिनीकडे नेली.

तिनं दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. "फॉरमॅट मारा ताई, दहा मिनिटांत नवं होईल." या लोकांकडे ताप असो की तडा, औषध एकच! रागाच्या भरात तिनं पेनड्राइव्ह खुपसला आणि सगळं नव्यानं बसवायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला : पूर्ण डिस्क पुसायची का? तिचं बोट 'हो'वर गेलं. मी आतून ऊर फुटेस्तोवर ओरडत होतो. अगं, दार हरवलंय, घर नाही!

तेवढ्यात तिला प्रश्नाच्या वरचा, डिस्कच्या भागांचा तक्ता दिसला. त्यात तिच्या प्रणालीचा भाग काठोकाठ भरलेला होता.

"पुसलं असतं तर हे रिकामं असतं," ती पुटपुटली आणि बोट मागं घेतलं. पेनड्राइव्हवरूनच तिनं जुना भाग उघडला. नोंदी जागच्या जागी!

सुपरवायझर काचेपलीकडून बघत होता. "पेनड्राइव्हमधून तू काय वाट्टेल ते दाखवशील! कोण मानणार?"

खरंच होतं ते. यंत्र आपल्या पायावर उठायला हवं होतं. तिनं मला शोधून काढलं, यंत्राच्या यादीत माझं नाव परत लिहिलं. शेवटची आज्ञा टाकते तोच सुपरवायझरच्या हातातला पाना काचेवर आदळला. काचांचा सडा पडला. दुसरा घाव माझ्या खोक्यावर बसला, पत्रा आत गेला. तिसरा डिस्कवर बसला असता, पण दोन कामगारांनी त्याला खाली पाडलं आणि चार दिवसांचा राग मुठींनी बाहेर काढला. त्याचा एक दात काचांत जाऊन पडला.

"सोडा त्याला!" पुतणी किंचाळली. "त्याचं तोंड शाबूत हवंय मला. उत्तर द्यायचंय त्याला."

या रणधुमाळीत इन्स्पेक्टर दारात उभे राहिले. तिनं पेनड्राइव्ह उपसला, बटण दाबलं, आणि मी उठलो.

इन्स्पेक्टरांनी नोंदी स्वतः वाचल्या. "अकरा दिवसांत प्रेस पडली चाळीस हजार वेळा. जाळी उघडली शून्य वेळा." ते सुपरवायझरकडे वळले. "मग पत्रा आत जात कुठून होता? बंद जाळीतून?"

मालकानं रजिस्टर ओढलं आणि खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं.

आज मी पुरावा म्हणून कपाटात पडून आहे, पोचा आलेल्या खोक्यात. एकच मागणं आहे. यंत्र असो की माणूस, हाकेला ओ आली नाही म्हणून लगेच पुसू नका. आधी बघा, त्याचं नाव कुणी खोडलंय का.

मला मोहोरबंद करण्याआधी त्या दुपारी पंचांसमोर पुन्हा एकदा सुरू केलं. प्रेसवाला आला होता, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा, बायकोनं दंडाला धरलेला. "ऊठ रे बाबा," तो म्हणाला. डावं बोट चाचपडत कीबोर्डवरच्या खालच्या बाणापाशी आलं. काचा गोळा करणाऱ्या मावशीलाही पंच म्हणून उभं केलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावरची दोन नावं ती निरखत राहिली.

"यातलं आपलं कोणतं गं?" तिनं पुतणीला विचारलं.

"खालचं, मावशी."

"खालचंच असणार," मावशी म्हणाली.