अंगठ्याखालची गाठ

तिला सगळे अंगठेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सुई नाही, कापाकापी नाही. आधी ओला शेक, मग जेल लावून मशीन फिरवायचं, आणि शेवटी अंगठा. स्नायूच्या तळाशी दडलेली गाठ सापडली की ती सुटेपर्यंत अंगठा रोवून धरायचा. सुटलेलं दुखणं जातं कुठे, हे कशाला कोण विचारतंय? बरं वाटलं की माणूस चपला घालून चालू लागतो.

एका सोमवारी तिने हमालाचा उजवा खांदा मोकळा केला. घरी गेली तर लेक उजवा खांदा धरून बसलेली. सातवा महिना, झोपताना अवघडली असेल, म्हणून तिने विषय झटकला. मंगळवारी शिंप्याची मान सुटली आणि लेकीची धरली. बुधवारी तिने मुद्दाम एका दंतवैद्याची डावी पोटरी घेतली आणि तो उठायच्या आत घरी फोन लावला.

"आई, तुला कसं कळलं?" लेक कण्हत म्हणाली. "आत्ताच डाव्या पोटरीत गोळा आला."

अंगठेबाईने फोन ठेवला. तिने दवाखान्याला कुलूप ठोकलं. पण पोरीच्या अंगात शिरलेलं काही निघेना. शेक झाला, व्यायाम झाले, काडीचा फरक नाही. अंगठा तेवढा ती लावत नव्हती; सुटलेलं आता कुणाच्या अंगात शिरेल, याची धास्ती होती.

"परक्यांची दुखणी पळवतेस आणि पोटच्या पोरीला हात लावत नाहीस," लेक रडायला लागली. "माझं काय चुकलं, ते तरी सांग."

आईचं काळीज ते, किती दगड होणार? तिने विचार केला, दुखणं जातं ते आपल्या रक्ताच्या माणसाकडे. आपल्या रक्ताचं पोरीशिवाय आहे कोण? तिच्यातून निघालं तर आपल्याच अंगात येईल. येऊ दे.

तिने लेकीला कुशीवर निजवलं, पायांत उशी दिली आणि उजव्या खांद्यात अंगठा रोवला. गाठ सुटली. अंगठेबाईने स्वतःचा खांदा चाचपला. काहीच दुखत नव्हतं.

"किती बरं वाटतंय गं," लेक म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मग तिचा हात पोटावर गेला. "आई, बाळ मघापासून ढुशा मारत होतं. एकदम गप्प का झालं?"

अंगठेबाईने पोटावर तळवा टेकवला. हाताला एवढासा खांदा लागला, आखडून ताठ झालेला.