मधल्या पेशी उपाशीच राहिल्या

अहो, इकडे इकडे! बशीतली ही बोटभर जाड चकती, मीच बोलतेय! जेल आहे मी. केसांना लावतात ते नाही हं! बरंचसं पाणी, थोडी जाळी आणि जाळीत जिवंत पेशी, एका सात वर्षांच्या मुलीच्या. तिला जन्मापासून एक कान नाही. दुसऱ्या कानाचा कणभर तुकडा कापून लॅबमध्ये या वाढवल्या.

मला ओतलं ताईनं. लॅबमध्ये सगळे तिला ताईच म्हणतात. ओतण्याआधी ती सरांना म्हणाली होती, "एवढी जाड नको सर. मधल्यांना अन्न पोचणार नाही."

"अगं, कान करायचाय की कागद?"

सगळे हसले. ताईनं जाडच साचा घेतला. होत्या नव्हत्या तेवढ्या पेशी माझ्यात मिसळल्या, निळा प्रकाश मारला, आणि मी झटक्यात घट्ट! काय भारी वाटलं, यार!

अन्न म्हणजे वरचं गुलाबी पाणी. ते माझ्यातून झिरपत आत जायचं. कडेच्या पेशी मजेत. मधल्या विचारायच्या, "अजून नाही आलं का गं?" मी म्हणायचे, "येतंय, येतंय." खोटं! कडेलाच सगळं संपायचं. कडेच्यांना तरी काय बोलणार, भूक त्यांनाही होतीच.

सहाव्या दिवशी मधून विचारणं बंद झालं.

वरून मी काचेसारखी स्वच्छ. मुलीच्या आईचा फोन यायचा, "जगल्यात ना हो?" ताई म्हणायची, "हो हो, छान चाललंय."

आज मला मधोमध कापलं. कापल्याशिवाय आतलं कळतच नाही ना! रंग टाकला. जिवंत त्या हिरव्या, मेलेल्या लाल. कडेला बारीक हिरवी बांगडी, आत नुसतं लाल.

"कडेचा फोटो घे," सर म्हणाले. "मस्त आलाय हिरवा."

"आणि मधलं?"

"मधलं कोण विचारतंय?"

ताईनं मधलाच फोटो काढला. मग स्वतःच मुलीच्या आईला फोन लावला. "पुन्हा तुकडा घ्यावा लागेल. चूक माझी आहे."

पलीकडून आई म्हणाली, "पुन्हा कापणार तिला?"

"हो."

आता मला ब्लीचमध्ये टाकतील, फेकण्याआधी उरलंसुरलं मारायला. कडेच्या अजून जिवंत आहेत, बरं का. त्या विचारतायत, "कुठे चाललोय गं?"

पुढची पातळ ओता. नाहीतर मधून भोकं तरी ठेवा. आतून कितीही हाका मारल्या ना, बाहेर ऐकूच येत नाही हो.