मी फाटकी, ती कोरी

हो, मीच बोलतेय. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली ती नव्हे. तिला काय बोलायचं असणार? तिचं तोंड जन्मात कुणी उघडलेलं नाही. मी खालच्या खणातली, पिना सैल झालेली, मुखपृष्ठाचा एक कान गेलेली प्रत.

आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच यंत्रातून बाहेर पडलो. चित्रकथा तीच, शाई तीच. समुद्राच्या तळाशी जाऊन चोर पकडणाऱ्या एका पाणबुड्याची गोष्ट आमच्या पोटात होती. एका वडिलांनी आम्हाला जोडीनं विकत घेतलं, कारण त्यांच्या घरात एक मुलगा होता, एक मुलगी होती आणि दोघांचं एका खेळण्यावर कधी भागत नसे. ती दादाला मिळाली, मी चिंगीला.

दादानं तिला त्याच दिवशी कागदात गुंडाळून ठेवून दिलं. चिंगी मला घेऊन झाडावर चढली.

पुढचं काय सांगू? जेवताना मी चिंगीच्या ताटाशेजारी, झोपताना उशीखाली. माझ्या सातव्या पानावर तिच्या कपाचं गोल वर्तुळ आहे. एकाक्ष कप्तानाला तिनं पेन्सिलीनं मिशा काढल्या. एकदा पाऊस साचला तेव्हा माझं शेवटचं पान फाडून तिनं होडी केली, कारण पाणबुड्याला खरंखुरं पाणी दाखवायचं होतं. पान गेलं ते गेलंच, नि त्याबरोबर माझ्या पोटातला शेवटही. गोष्ट पाठ असल्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही. दादासुद्धा माझ्यातच वाचायचा, तिच्या खांद्यावरून डोकावून. स्वतःची प्रत उघडायचा त्याला धीर नव्हता. आणि चिंगीनं त्या प्रतीकडे हात नेला, की "हात लावायचा नाही!" म्हणून अख्खं घर डोक्यावर घ्यायचा.

मग चिंगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली. सामान आवरण्याच्या गडबडीत मी मागे राहिले.

दादा मोठा झाला, संसारी झाला, चित्रकथांचा नामांकित संग्राहक झाला. हातात पांढरे मोजे घातल्याशिवाय तो कशाला शिवत नाही, म्हणून त्याच्या मंडळींत त्याचं नावच पडलंय 'हातमोजे'. माझ्या जुळ्या बहिणीला त्यानं तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिला ऊन नको, दमट हवा नको, पाठीला आधार म्हणून पांढरा ताठ पुठ्ठा हवा. आणि मी? पुस्तकं ठेवायच्या नव्या पारदर्शक पिशव्या आल्या की माप बघायला मला काढायचा. बसली पिशवी, तर ती बहिणीला घालायची नि मला परत खणात. शिंप्याकडच्या लाकडी बाहुलीला तरी लोक काचेत उभं करतात.

जळत होते मी. उगाच कशाला लपवू?

पण खरा तिळपापड झाला तो परवा. चिंगीच्या मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता बरेच दिवस अंथरुणातच. तिनं फोन केला, "दादा, आपलं ते पाणबुड्याचं पुस्तक आहे ना अजून? पाठव ना. पडून पडून जीव आंबलाय."

फोन ठेवल्यावर दादानं वरच्या कप्प्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "माझी प्रत पाठवतो तिला. कोरी. लहानपणी कधी हात लावू दिला नाही मी."

"अहो, खरंच?" वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला.

मला वाटलं, माझ्या पिना आता तुटतात. चिंगी माझी होती! माझ्यावर तिचे डाग, माझ्यात तिच्या मिशा, आणि तिच्याकडे जाणार ती वरच्या कप्प्यातली महाराणी, जिला चिंगीचा वाससुद्धा माहीत नाही.

वर आणखी मीठ चोळायला रंगीत तालीम माझ्यावरच. दादानं मला पिशवीत घातलं, मागे ताठ पुठ्ठा दिला. मग खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, माझ्याहून चहूबाजूंनी दोन दोन बोटं मोठे, एकाच्या रेषा उभ्या नि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनही वाकायला नको. चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला, नि तिचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडताना सुरी लागायला नको. ते पाकीट खोक्यात, खोकं मोठ्या खोक्यात, मधे चुरगळलेले कोरे कागद. वर्तमानपत्र नाही, त्याची शाई लागते. त्यानं खोकं कानाशी धरून हलवलं. मग कमरेएवढ्या उंचीवरून सरळ खाली सोडलं.

मला कळलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला एवढं सांभाळलं, आणि तेही आपटण्यासाठी.

दादा खूश झाला. माझं पाकीट बाहेर काढून समोर ठेवलं आणि त्याबरहुकूम कोऱ्या प्रतीचं दुसरं पाकीट तयार केलं. तेवढ्यात जेवायची वेळ झाली. वहिनींनी टेबल मोकळं करायला दोन्ही पाकिटं उचलून पलंगावर ठेवली.

जेवून आल्यावर दादा पलंगापाशी उभाच. "यातलं कुठलं कुठलं?"

"वर लिहिलं नाहीत का काही?"

"वर लिहिलं तर पेनचा दाब आत उमटतो!"

"मग एक उघडून बघा."

"एवढं नीट बसलंय, उघडलं की परत तसं बसेल याचा काय भरवसा? थांब. आपटलेल्याचा कोपरा चेपला असेल."

त्यानं दोन्ही पाकिटांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. एकही चेपला नव्हता. बांधणीच तशी होती त्याची! शेवटी स्वतःशीच मान डोलावून त्यानं एक पाकीट उचललं, खोक्यात घातलं, आणि दारात उभ्या कुरिअरवाल्याला बजावलं, "बाळंतिणीसारखं न्या."

ती बाळंतीण मी होते. अंधारात, पुठ्ठ्यांच्या मधे, मला हसू आवरत नव्हतं. बस आता वरच्या कप्प्यात!

चिंगीच्या घरी तिच्या सुनेनं दुमडलेलं टोक ओढलं आणि मी बाहेर आले. चिंगीचे केस पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं, मिशांवर बोट ठेवलं, आणि इतकी हसली की सून धावत पाणी घेऊन आली. मग फोन लावून तिनं तो माझ्याशेजारी उशीवर ठेवला.

"दादा, माझीच पाठवलीस की रे! डागसुद्धा आहे!"

पलीकडे दादा गडबडला. "अगं, चूक झाली. मी माझी पाठवली होती. ती चांगली आहे गं. ही कसली, फाटकी…"

"तुझी?" चिंगीचा आवाज बारीक झाला. "तुझी तू मला देणार होतास?"

"हो."

 मग चिंगीनं माझी पानं उलटली, शेवटाशी येऊन थांबली.

"दादा, तो खाली अडकतो ना गुहेत? मग वर कसा येतो रे? माझं शेवटचं पान होडीत गेलं. पडल्या पडल्या सारखं तेच मनात येतं, आणि आठवत नाही."

"मलाही नाही आठवत, चिंगे."

"मग तुझ्यात बघ."

"ती पॅक आहे. आणि उघडली की पाठीवर घडी पडते. कायमची."

"माझ्या मांडीत खिळे ठोकलेत, दादा. तुला घडीचं पडलंय?"

फोनमधून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. मग पिशवीचा. मग वहिनींचा, "अहो, मोजे?" आणि दादाचा, "राहू दे." मग पानं उलटल्याचा करकरीत आवाज. दादा वाचू लागला. सुरुवातीपासून, चित्रात काय काय आहे ते सांगत, कप्तानाचा घोगरा आवाज काढत. चिंगी डोळे मिटून ऐकत होती.

तिचा हात माझ्यावर होता, अजूनही आहे. मला खरं तर सगळं मिळालं. पण तिचे कान फोनकडे होते, आणि तिकडे माझ्या बहिणीच्या अंगावर दादाची उघडी बोटं फिरत होती. जी बोटं माझ्या वाट्याला फक्त मापापुरती यायची, तीही मोज्यात. आज पुन्हा जळले मी तिच्यावर, पूर्वीपेक्षा जास्त.

"वर आला गं, चिंगे," दादा म्हणाला.  चिंगीनं माझी फाटकी कड घट्ट धरली.

कसा आला, ते तो हळूच पुटपुटला. चिंगीला कळलं, मला नाही. म्हणून एवढंच मागते. तुमच्या कपाटात कुणी कोरी असेल तर उघडा तिला, पडू दे घडी. आणि शेवटचं पान आलं की जरा मोठ्यानं वाचा. खालच्या खणात कुणीतरी ऐकत असतं.