दिवसा सांगायची गोष्ट

अमेरिकेतली लढाई थांबली होती, पण तिच्यामुळे वऱ्हाडात चढलेली कापसाच्या भावाची धुंदी अजून उतरली नव्हती. चांदूर बाजारात आमची नवी सरकारी शाळा चावडीच्या खोलीत भरे. भिंतीपलीकडच्या वाड्यात बाया लाकडी रेच्यांवर कापसातली सरकी काढत, आणि ते रेचे असे कुरकुरत की माझे पाढे मलाच ऐकू येत नसत. मी साताऱ्याकडचा, डोक्यानं गरम. त्यात वरून हुकूम आला. तपासनीस येतील, नव्या पुस्तकातली परमुलखाची एक गोष्ट मुलांच्या तोंडून ऐकतील. मुलांना ती आली नाही तर शाळा दुसऱ्या गावी जाईल.

मी अमेरिकेतले कापूस वेचणारे गुलाम एकमेकांना सांगत ती एक गोष्ट निवडली. म्हटलं, कापसाची आहे, पोरांना चटकन कळेल.

"एक अस्वल होतं. त्याचं कापसाचं मोठं शेत होतं," मी सुरुवात केली आणि समोर बघतो तर सगळ्यांची बोटं कानात!

"हा काय चावटपणा?"

नबी हा पिंजाऱ्याचा मुलगा, सगळ्यांत धीट. तो म्हणाला, "पंतोजी, दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट भुलते."

आणि तेव्हा जो तो मामा वाटेवरच होता! ज्याच्याकडे बैल, तो कापूस भरून अमरावतीला नाहीतर अकोल्याला निघालेला. मी ओरडलो, छडी आपटली, अडाणी म्हणालो. बोटं काही निघेनात.

रात्रभर चडफडलो आणि दुसऱ्या दिवशी एक कवठ आणि पणती घेऊन शाळेत गेलो. खिडकी लावून घेतली. कवठावर खडूनं एका बाजूला वऱ्हाड काढलं, दुसऱ्या बाजूला अमेरिका, आणि ते पणतीसमोर धरलं.

"हे बघा. आपल्याकडे दुपार, तेव्हा तिकडे रात्र. गोष्ट तिकडची. म्हणजे ती रात्रीच सांगितली म्हणायची."

नबीनं कवठ हातात घेऊन चारदा फिरवलं. "मंग तिकडच्या पोट्ट्यायचे मामा?"

"त्यांच्याकडे रात्रच आहे ना! त्यांना कसली भीती?"

एकेक बोट कानातून बाहेर आलं. राहिला एकटा चंद्रभान. बाप गेल्यापासून पुंजारामनं, त्याच्या मामानंच, त्याला वाढवलं होतं. पुंजारामच्या गाड्या अमरावतीला गेलेल्या. परतायची वेळ केव्हाच टळली होती.

"कवठाचं खरं असन पंतोजी," तो म्हणाला, "पन माहा मामा एकच हाय."

मी म्हटलं, राहू दे बाबा तुझी बोटं.

मी गोष्ट सांगितली. अस्वलानं कासवाला वेचणीवर ठेवलं. मजुरी काय, तर पाठीवर मावेल तेवढा कापूस. कासव शेताच्या मधोमध जाऊन निजलं, आणि वेचणाऱ्या बाया कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस त्याच्याच पाठीवर ओतत गेल्या. संध्याकाळी हा ढीग! भिंतीपलीकडचे रेचे कधी थांबले ते मला कळलंच नाही. अस्वल गुरगुरलं, "उचल आणि ने घरी!" एवढ्यात भिंतीपलीकडे मुकादम खेकसला, रेचे पुन्हा सुरू झाले आणि बायांचा शेवट हुकला. चंद्रभान मात्र शेवटाला खुदकन हसला. बोटं कानात होती, पण सैल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासनीस दारात हजर. चष्म्यातून सगळ्यांकडे बघितलं आणि नेमकं चंद्रभानकडे बोट केलं.

"तू सांग."

चंद्रभान उभा राहिला. डोळे भरले आणि दोन्ही बोटं पुन्हा कानात गेली.

"हेच शिकवलंत काय?" तपासनीस मला म्हणाले.

मला त्या पोराची इतकी दया आली की शाळेचं भानच राहिलं नाही. "साहेब, त्याला सोडा," मी म्हणालो. "त्याचा मामा वाटेवर आहे. शाळा न्यायची तर न्या."

तेवढ्यात खिडकीत एक डोकं वर आलं. केसांत कापूस, कपाळाला घाम. मैनाबाई, चंद्रभानची आई, रेच्यावरून उठून आली होती.

"सांग रे पोट्ट्या!" ती ओरडली. "माह्या भावाले तोंड हाय. वाट भुलला तं इचारत इचारत येईन. त्या कासवाचं काय झालं थे सांग आंधी, रातभर झोप नाई मले!"

मामाची सख्खी बहीणच म्हणते, मग काय! चंद्रभाननं बाहीला नाक पुसलं आणि सुरुवात केली. वर्गानं हुंकार धरला, भिंतीपलीकडून बायांनी धरला. अस्वल "उचल" म्हणालं तेव्हा तर तपासनीसही "हूं" करून गेले.

"तं कासव म्हने, मालक, पाठीवर मावन तेवढा, असं ठरलं व्हतं. उचलाचं कधी ठरलं?"

पलीकडे बाया अशा हसल्या की मुकादमाचा आवाज त्यात बुडून गेला. तपासनिसांनी चष्मा काढून डोळे पुसले. शाळा चांदूरलाच राहिली.

पुंजाराम पुढच्या सोमवारी आला. अमरावतीच्या पेठेत गाड्यांची रांगच हलत नव्हती, एवढंच झालेलं. चंद्रभाननं त्याला गाडीवरून उतरवलं ते हात धरून भर दुपारी थेट शाळेत आणलं, पोरांच्या मधोमध बसवलं आणि मला म्हणाला,

"आता दुसरी सांगा पंतोजी. मामा इथंच हाय."